धक्क्याचें विष : एका कल्पनेचा इतिहास

वर्ध्याहून सेवाग्राम सुमारें आठ किलोमीटरांवर आहे. १९३६ सालीं महात्मा गांधी तेथें राहावयास गेले तेव्हां त्या खेड्याचें नांव शेगांव होतें. १९४० सालीं तें सेवाग्राम झालें. आज त्या खेड्यांत एक मोठें रुग्णालय असून त्यास कस्तुरबांचें नांव आहे. तें नांव ज्या घटनेची आठवण देतें ती घटना मात्र वर्ध्यास नव्हे, पुण्यास घडली. १९४४ च्या फेब्रुवारींत आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतांना कस्तुरबा अखेरच्या दुखण्यांत होत्या. हृदय आधींच क्षीण झालेलें. त्यांत फुप्फुसांचा विकार बळावला. पेनिसिलीन हें औषध त्या काळीं हिंदुस्थानांत अत्यंत दुर्मिळ होतें. देवदास गांधी यांच्या खटपटीनें तें आणविण्यांतही आलें. परंतु थकलेल्या त्या देहास वारंवार सुया टोचण्यास गांधीजींचें मन घेईना, आणि औषध दिलें गेलें नाहीं. २२ फेब्रुवारीस कस्तुरबांनीं देह ठेवला. त्या स्थानबद्धतेंत त्यांच्या शुश्रूषेस असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनीं पुढें सेवाग्रामीं स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं पंधरा खाटांचें जें इस्पितळ उभें केलें, तेंच आजचें कस्तुरबा रुग्णालय होय. १९६९ सालीं, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्याच ठिकाणीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हें ग्रामीण भागांतील वैद्यकीय महाविद्यालय निघालें.

कस्तुरबांच्या त्या दुखण्यास आजच्या शास्त्रानें कोणतें नांव द्यावें हा प्रश्न येथें उपस्थित करावयाचा नाहीं. तें औषध मिळतें तर त्या वांचल्या असत्या असेंही कोणास म्हणतां येणार नाहीं. पण त्या प्रसंगावरून एक गोष्ट ध्यानांत येते. औषध हातीं असणें ही एक गोष्ट, तें त्या रोगाचें खरें औषध असणें ही दुसरी, आणि तें रोग्यास वेळेवर पोंचणें ही तिसरी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावांचून मनुष्य वांचत नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांत यांपैकीं एकच हातीं असतांना तीच सर्वस्व आहे असा भ्रम पुष्कळदां झालेला आहे. जंतुदोषाच्या धक्क्यावर हिस्टामिनरोधक औषधें चालवून पाहण्याचा जो दीर्घ उद्योग विसाव्या शतकांत झाला, तो या भ्रमाचें व त्याच्या निरसनाचें एक बोधप्रद उदाहरण आहे.

प्रथम धक्का म्हणजे काय तें पाहूं. येथें धक्का हा शब्द मनास बसलेला धक्का या अर्थीं नाहीं. शरीरांत कोठें तरी जंतूंनीं ठाणें दिलेलें असतें. जखमेंत, फुप्फुसांत, मूत्रमार्गांत, किंवा बाळंतिणीच्या गर्भाशयांत. त्यांचें विष व त्या विषाशीं झुंजणाऱ्या शरीराचा स्वतःचा क्षोभ यांचा परिणाम सर्व रक्ताभिसरणावर होतो. बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात. त्यांच्या भिंती गळूं लागून रक्तांतील पाणी भोंवतालच्या मांसांत झिरपतें. रक्ताचा दाब उतरतो. हृदय प्रारंभीं जोरानें धांवतें, पण त्याच्या आकुंचनाची शक्ति कमी होत जाते. फुप्फुसांच्या नाजूक पिशव्यांत पाणी शिरून श्वास अपुरा पडतो. लघवी कमी होते, शुद्धि हरपूं लागते. यास डॉक्टर सेप्टिक शॉक म्हणतात. याचा विशेष असा कीं, येथें मनुष्य जंतूंनीं जितका मरतो, तितकाच आपल्या देहाच्या अनावर प्रतिकारानें मरतो. २०१६ सालीं जगांतील तज्ज्ञांनीं या विकाराची जी नवी व्याख्या ठरविली, तींतही याच गोष्टीवर भर आहे.

हा अनावर क्षोभ कोण घडवितो? या प्रश्नाचें पहिलें आकर्षक उत्तर लंडनच्या एका प्रयोगशाळेंतून आलें, आणि तेंही सुईणीच्या औषधांतून. राय नांवाच्या धान्यावर एक बुरशी येते. तिला अर्गट म्हणतात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठीं युरोपांत ती पूर्वापार वापरली जात असे. या अर्गटाचें पृथक्करण करतांना हेन्री डेल व त्यांचे सहकारी यांस १९१० च्या सुमारास एक द्रव्य सांपडलें. तेंच हिस्टामिन. डेल आणि लेडलॉ यांनीं तें प्राण्यांस टोचून पाहिलें. गिनीपिगची श्वासनलिका आवळून तो गुदमरला. कुत्र्यामांजरांचा रक्तदाब धाडकन् उतरला. पुढें १९२७ सालीं, इन्सुलिनच्या शोधांतील प्रसिद्ध संशोधक बेस्ट यांच्यासह डेल यांनीं ताज्या यकृतांतून व फुप्फुसांतून हिस्टामिन वेगळें काढून दाखविलें. म्हणजे हें विष बाहेरचें नव्हे. तें प्रत्येकाच्या देहांत साठविलेलें आहे, हें सिद्ध झालें.

मधल्या काळांत पहिलें महायुद्ध होऊन गेलें होतें. खंदकांतून आणलेले कित्येक शिपाई जखमेच्या मानानें फारसें रक्त गेलेलें नसतांही पांढरे पडत, गार पडत आणि तासाभरांत मरत. त्यांचें स्वरूप हिस्टामिन टोचलेल्या मांजरासारखेंच दिसे. १९१९ सालीं डेल व लेडलॉ यांनीं हिस्टामिनच्या धक्क्यावर आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां अनेकांस वाटलें कीं कोडें सुटलें. चिरडलेल्या मांसांतून हिस्टामिनसारखें कांहीं विष सुटतें, तें रक्तांत मिसळतें आणि धक्का बसतो. उपपत्ति सुटसुटीत होती. पण १९३० सालीं अमेरिकेंत आल्फ्रेड ब्लेलॉक यांनीं कुत्र्यांचे पाय चिरडून नीट मोजमाप केलें, आणि चिरडलेल्या अवयवांतच इतकें रक्त व पाणी सांठतें कीं दाब उतरण्यास तेवढेंच कारण पुरे आहे असें दाखविलें. जखमेच्या धक्क्यास गूढ विषाची गरज नव्हती. गरज होती ती गेलेलें पाणी व रक्त भरून काढण्याची. सारखें दिसणें म्हणजे सारखें असणें नव्हे, हा धडा शास्त्रज्ञांस येथें प्रथम मिळाला. दुर्दैवानें असे धडे एकदां शिकून भागत नाहीं.

कारण लवकरच खरोखरीचें औषध हातीं आलें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दानिएल बोव्हे आणि त्यांची विद्यार्थिनी आन-मारी स्टाउब यांनीं १९३७ सालीं हिस्टामिनच्या आघातापासून गिनीपिगला वांचविणारें पहिलें द्रव्य शोधिलें. तें मनुष्यास देण्याजोगें नव्हतें. परंतु १९४२ सालीं फ्रान्समध्येंच मनुष्यास देतां येईल असें औषध निघालें, आणि १९४६ सालीं अमेरिकेंत बेनाड्रिल बाजारांत आलें. अंगावर पित्त उठलें असतां, गांधीलमाशी चावून खाज सुटली असतां, वसंतांत शिंकांनीं हैराण झालें असतां या औषधांनीं तासाभरांत आराम पडूं लागला. बोव्हे यांस १९५७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मग साहजिकच विचार निघाला: जें औषध हिस्टामिनला थोपवितें, तें जंतुदोषाच्या धक्क्यालाही कां थोपविणार नाहीं?

हा विचार अगदींच निराधार होता असें नव्हे. जंतूंच्या आवरणांत एक विष असतें. त्यास रिचर्ड फायफर यांनीं १८९२ सालीं अंतर्विष हें नांव दिलें होतें. तें कुत्र्यास टोचलें कीं कांहीं मिनिटांतच त्याचा दाब उतरे, आणि यकृत व आंतडीं रक्तानें तुंबून जात. अॅलर्जीच्या तीव्र धक्क्यांत कुत्र्याचें नेमकें असेंच होतें. १९५७ सालीं वाइल व स्पिंक या अमेरिकन संशोधकांनीं हे दोन धक्के शेजारीं ठेवून त्यांची तुलना केली. साम्य इतकें ठळक होतें कीं दोहोंचें मूळ एक असावें अशी शंका येणें स्वाभाविक होतें. परंतु कुत्र्याच्या यकृतांतील शिरांची ठेवण विशेष प्रकारची आहे. त्या आवळल्या कीं पोटांत रक्त अडकून बसतें. माकडांवर तोच प्रयोग केला असतां हें तुंबणें तसें दिसलें नाहीं. मनुष्य तर या बाबतींत माकडाच्याच जवळचा. म्हणजे प्रयोगांतील साम्य पुष्कळसें कुत्र्याच्या शरीररचनेचें होतें.

तरीही प्रयत्न सोडले गेले नाहींत, आणि न सोडण्यास कारणही होतें. जुनीं हिस्टामिनरोधक औषधें देऊनही हिस्टामिननें होणारी दाबाची उतार पूर्णपणें थांबत नसे. याचा उलगडा १९७२ सालीं जेम्स ब्लॅक यांनीं केला. हिस्टामिन ही किल्ली मानली तर शरीरांत तिचीं कुलुपें एकाहून अधिक आहेत. पहिल्या कुलपानें श्वासनलिका आवळते व केशवाहिन्या गळतात. दुसऱ्यानें जठरांत आम्ल सुटतें व हृदयाचे ठोके वाढतात. रक्तवाहिन्या सैल करण्यांत दोहोंचाही हात असतो. दुसरें कुलूप बंद करणारें सिमेटिडिन १९७६ सालीं ब्रिटनमध्यें वापरांत आलें. त्यानें जठरव्रणाच्या असंख्य रोग्यांस शस्त्रक्रियेपासून वांचविलें, आणि ब्लॅक यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां दोन्ही कुलुपें एकदम बंद करून धक्क्यांतील प्राण्यांच्या हृदयाचें व फुप्फुसांचें काय होतें हें पाहणें शक्य झालें.

या प्रयोगांचें फळ मोठें संमिश्र निघालें. मेंढ्यांस अंतर्विष देऊन पहिल्या कुलपाचें औषध दिलें असतां फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांची गळती कांहींशी कमी झालेली दिसली. पण फुप्फुसांच्या रोहिणींतील दाब जो प्रारंभीं एकाएकीं चढतो, तो मुख्यतः थ्रॉम्बॉक्सेन नांवाच्या निराळ्याच द्रव्यानें चढतो असें आढळलें. हिस्टामिन थोपविल्यानें तो आटोक्यांत येण्याजोगा नव्हता. १९८३ सालीं हिस्टामिनचें तिसरें कुलूप उघडकीस आलें. आणि १९९० नंतरच्या दशकांत कुत्र्यांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, जंतुदोषांत हृदयाचा जोर खचण्यास या तिसऱ्या कुलपाचाही हातभार लागतो. म्हणजे हिस्टामिन अगदीं निरपराधी नव्हतें. परंतु तें सेनापति नव्हतें, एक साधा शिपाई होतें. एकट्या शिपायास पकडून लढाई जिंकतां येत नाहीं. दाब टिकला, हृदय सांवरलें, फुप्फुसें कोरडीं राहिलीं आणि मनुष्य वांचला, असें फळ या औषधांनीं दाखविलें नाहीं.

पुढें सेनापतीचा शोध चालूच राहिला. १९९८ सालीं ब्रूस बॉयट्लर यांच्या मंडळीनें जंतूंचें अंतर्विष शरीरास कोणत्या पहारेकऱ्यामार्फत समजतें तें ओळखलें, व त्याबद्दल त्यांस २०११ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पण क्षोभ माजविणारें एक एक द्रव्य निवडून त्यास अडविण्याचे जे प्रयत्न मनुष्यावर झाले, तेही बहुतेक व्यर्थ गेले. आज जगभरचे तज्ज्ञ सेप्टिक शॉकवर जे उपचार सांगतात, त्यांत हिस्टामिनरोधक औषधास स्थान नाहीं. त्यांतील गोष्टी ऐकावयास साध्या आहेत: धक्का ओळखल्यापासून तासाच्या आंत योग्य जंतुनाशक औषध शिरेंतून देणें, शिरेंतून मीठपाणी देणें, तेवढ्यानें दाब न सांवरल्यास नॉरअॅड्रिनलिन देणें, पू सांठला असेल तर तो काढून टाकणें, आणि श्वासास आधार देणें. त्या साध्या गोष्टींत घड्याळ हीच मोठी अवघड गोष्ट आहे.

येथें कोणी म्हणेल, हा सर्व परदेशांतील प्रयोगशाळांचा इतिहास झाला. आपल्या प्रांताशीं त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो कोंकणांतील विंचवांशीं आहे. तेथील तांबड्या विंचवाचा दंश म्हणजे केवळ वेदना नव्हे. दंशानंतर कांहीं तासांतच रोग्यास दरदरून घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, फुप्फुसांत पाणी भरून तोंडास फेंस येतो. हृदय व फुप्फुसें यांवरील असाच घाला, फक्त जंतूंऐवजीं विषाचा. दंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतें याची नोंद डॉ. मुंडले यांनीं १९६१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें केलेली होती. उपचार मात्र पुष्कळ वर्षें सांवळ्यागोंधळाचाच होता. विषारी दंश म्हणजे अॅलर्जीचाच प्रकार अशा समजुतीनें हिस्टामिनरोधक औषध व स्टेरॉइड यांच्या सुया सर्रास दिल्या जात. औषध हातीं होतें. पण तें त्या रोगाचें नव्हतें.

१९७६ सालीं जालना जिल्ह्याच्या एका खेड्यांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. त्यांनीं रोग्याच्या उशाशीं रात्र रात्र बसून नाडी, दाब, घाम व श्वास यांची नोंद ठेवली. १९८२ सालीं त्यांचीं निरीक्षणें लंडनच्या लॅन्सेटमध्यें प्रसिद्ध झालीं. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: विंचवाचें विष शरीराच्या मज्जातंतूंस पिसाळून सोडतें, रक्तांत अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्यांविरुद्ध रक्त ढकलतां ढकलतां हृदय थकून फुप्फुसांत पाणी तुंबतें. हिस्टामिन येथें गुन्हेगार नव्हतेंच. म्हणून त्यांनीं रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें रक्तदाबाचें साधें, स्वस्त औषध दिलें. त्याचा वृत्तांत १९८६ सालीं लॅन्सेटमध्यें आला. ज्या गंभीर दंशांत पूर्वीं शेंकडा पंचवीस ते तीस रोगी दगावत, तेथें पुढें हें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. २०२२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. खऱ्या कारणाचें खरें औषध सांपडलें कीं केवढें अंतर पडतें, हें या आंकड्यांवरून दिसतें.

मग तिसरी गोष्ट उरते: तें वेळेवर पोंचणें. तिचा धडा पुन्हां वर्ध्याकडेच घेऊन येतो. १९५० सालीं वर्ध्यास जन्मलेले आणि सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेंत वाढलेले डॉ. अभय बंग हे आपल्या पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोली जिल्ह्यांत काम करूं लागले. तेथें जन्मल्यापासून पहिल्या महिन्यांतच कित्येक अर्भकें जात, आणि त्यांतील एक मोठें कारण रक्तांतील जंतुदोष हेंच होतें. अर्भकास दूध ओढवेना, रडणें मंद झालें, अंग गार पडलें, कीं काळ जवळ आला समजावें. आणि इस्पितळ कोठें तरी दूर. बंग पतिपत्नींनीं गांवांतल्याच स्त्रियांस शिकवून तयार केलें. त्या घरोघरीं जाऊन अर्भकाचें वजन घेत, श्वास मोजत, ऊब कशी ठेवावी तें आईस सांगत, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच जेन्टामायसिनची सुई व को-ट्रायमॉक्सॅझोलचें औषध देत. त्यांच्याजवळ हृदयाचा आलेख काढण्याचें यंत्र नव्हतें, कीं रक्ततपासणीची सोय नव्हती. ठरलेलीं लक्षणें, एक घड्याळ, एक वजनकांटा आणि दोन जुनीं औषधें, एवढीच सामग्री.

या कामाचा अहवाल १९९९ च्या डिसेंबरांत लॅन्सेटमध्यें प्रसिद्ध झाला. एकोणचाळीस गांवांत हा उपचार केला गेला व सत्तेचाळीस गांवें तुलनेसाठीं ठेवलीं होतीं. तुलनेच्या गांवांच्या मानानें पहिल्या महिन्यांतील बालमृत्यु तिसऱ्या वर्षीं शेंकडा बासष्टनें कमी झाले. जंतुदोष झालेल्या अर्भकांपैकीं पूर्वीं शेंकडा १६.६ मरत, या स्त्रियांनीं उपचार आरंभिल्यावर शेंकडा २.८ मरूं लागलीं. पुढें घरोघरीं जाऊन अर्भकांची देखभाल करण्याची ही पद्धति, सुईचा भाग वगळून, आशा कार्यकर्त्यांमार्फत सबंध देशांत स्वीकारली गेली. प्रयोगशाळांनीं पन्नास वर्षें ज्या सेनापतीचा शोध घेतला, तो या स्त्रियांसही सांपडला नव्हता. त्यांनीं फक्त रोग लवकर ओळखला आणि औषध उंबऱ्याशीं नेलें.

या इतिहासांतून घरांतील मंडळींनीं घेण्याजोगें कांहीं आहे. हिस्टामिनरोधक गोळी वाईट नव्हे. पित्त, खाज, शिंका यांवर तिचें काम ती चोख बजावते. पण अॅलर्जीचा तीव्र धक्का बसून दम कोंडला व दाब उतरला, तर तेथेंही पहिलें औषध अॅड्रिनलिनच होय. गोळी त्याची जागा घेऊं शकत नाहीं. आणि तापानें फणफणलेला मनुष्य एकाएकीं गार पडून भ्रमिष्टासारखा बोलूं लागला, श्वास जोरानें घेऊं लागला, लघवी होईनाशी झाली, बाळंतिणीस हुडहुडी भरून ताप आला, किंवा तान्हें मूल दूध ओढेनासें झालें, तर एखादी सुई देऊन सकाळची वाट पाहूं नये. त्या सुईनें झोंप येईल, आणि झोंप लागली म्हणून घरच्यांस बरें वाटेल. पण रोग जागाच राहील. त्याच घटकेस इस्पितळाची वाट धरावी.

डेल, बोव्हे, ब्लॅक यांचे श्रम व्यर्थ गेले असें मात्र कोणीं समजूं नये. हिस्टामिन शोधलें गेलें म्हणून आज लक्षावधि लोक सुखानें श्वास घेतात व अन्न पचवितात. चूक शोधांत नव्हती. एका किल्लीनें सर्व कुलुपें उघडतील या आशेंत होती. सेवाग्रामच्या रुग्णालयावर ज्यांचें नांव आहे, त्यांच्या अखेरच्या घटकेस औषध दाराशीं येऊन थांबलें होतें. आज तें दाराशीं थांबूं न देतां रोग्याच्या शिरेपर्यंत वेळेवर नेणें, एवढेंच पुष्कळ घरांच्या हातीं आहे, आणि तें थोडें नाहीं.